चार की दहा? चिनी शिकायला शहर निवडण्याचं एक प्रकरण

(या प्रकरणातली नावं बदलली आहेत. कारखाना आणि विद्यापीठं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

रेवती मूळची खानापूर तालुक्यातली. वडील लवकर गेले, म्हणून अकरावीपासून बेळगावात, अनगोळला काकांकडे राहिली. शाळा मराठी माध्यमाची, मग बी.कॉम., आणि पदवी झाल्यावर काकांच्याच उद्यमबागेतल्या कारखान्यात हिशेबाचं काम. कारखाना म्हणजे पंचवीसेक माणसांचं मशीन शॉप. हायड्रॉलिक सिलिंडरचे आणि पंपांचे सुटे भाग, शेजारच्या फाउंड्र्यांतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग, मिळेल ते जॉबवर्क.

मी कॉलेजात भाषा शिकवायचो, चिनी मात्र मला येत नाही. काका माझे जुने मित्र, त्यामुळे घरात काही ठरवायचं झालं की मला चहाला बोलावतात. पुढे जे ठरलं त्यातला एक चुकलेला सल्ला माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

रेवतीच्या कन्नडबद्दल दोन वाक्यं इथंच सांगायला हवीत, कारण सगळं प्रकरण शेवटी त्यावर येऊन थांबलं. शाळेत कन्नडमध्ये तिला ऐंशीच्या वर गुण असत, पण दुकानात चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की ती मराठीवर यायची, आणि बेळगावात मराठीवर आलं तरी कुणाचं काही अडत नाही. तिची चुलत बहीण सुमा शाळेत कन्नडला कशीबशी पास होणारी. तिला चिकोडीकडे कन्नड घरात दिली. सासूला मराठीचा गंध नाही. सहा महिन्यांत सुमा सासूशी भांडण्याइतकं कन्नड बोलायला लागली.

लॉकडाऊनमध्ये रेवतीने पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन चिनी सुरू केलं होतं. हौस म्हणून. बाई हुशार होत्या, उच्चार देवनागरीतून समजावायच्या. पिनयिन लिपीत, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, 'बी' लिहिलेलं असतं ते आपल्या 'प'च्या जवळचं आणि 'पी' लिहिलेलं 'फ'च्या जवळचं, 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च हे दोन वेगळे उच्चार मराठी माणसाच्या तोंडात आयते असतात, चिनीतही तसा फरक लागतो. चार या आकड्याला दंत्य 'स', दहाला जीभ वळवून 'ष'. चारचा सूर वरून खाली पडतो, दहाचा खालून वर चढतो. रेवतीच्या वहीत हे सगळं नीट लिहिलेलं होतं.

अडचण

२०२१ च्या अखेरीस काकांनी दोन चिनी यंत्रं घेतली. यंत्रं बंदरातून आली, माणूस मात्र आला नाही. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांना भारताचा व्हिसा मिळणं कठीण झालं होतं आणि त्याच वर्षी जूनमध्ये वीचॅट या चिनी लोकांच्या व्हॉट्सॲपवर आपल्याकडे बंदी आली होती. तेव्हा बसवणूक फोनवर. पलीकडे झेजियांग प्रांतातला तंत्रज्ञ, अलीकडे आमचा फोरमन, मध्ये भाषांतराचं ॲप.

टूल चेंजरच्या (यंत्रातली हत्यारं आपोआप बदलणाऱ्या भागाच्या) एका सेटिंगला तंत्रज्ञाने दहा हा आकडा सांगितला. दक्षिणेकडच्या बऱ्याच चिनी माणसांच्या बोलण्यात 'ष'चा 'स' होतो, आपल्याकडे शाळेची 'साळा' होते तसा. त्यात शॉपमधला आवाज. ॲपने चार ऐकलं, फोरमनने चार टाकलं, आणि यंत्र अकरा दिवस बंद राहिलं. अकरा दिवसांच्या ऑर्डरी कुणाकडे गेल्या हे काका अजूनही नावानिशी सांगतात.

त्या रात्री काकांनी ठरवलं, "घरचं एक माणूस चिनी बोलणारं पाहिजे. ॲप न्हवं, माणूस." रेवती म्हणाली, "मी जातो की." (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात. पुण्याच्या बाईंना त्याची सवय व्हायला वर्ष लागलं.)

२०२३ च्या मे महिन्यापर्यंत तिची एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी झाली होती, म्हणजे जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत ६०० शब्द. चौथीला १,२०० लागतात, पाचवीला २,५००. वर्षभरात पाचवी पातळी आणि फोनवर न अडखळता बोलणं, हे उद्दिष्ट. खर्च सहा लाखांच्या आत. आता प्रश्न एवढाच राहिला की जायचं कुठं.

पर्याय

सिंगापूरचं नाव आईने घेतलं, कारण तिथं ओळखीचं कुणीतरी होतं. महाग, आणि सगळं इंग्रजीत निभावतं. पाच मिनिटांत विषय संपला.

बीजिंग ही पुण्याच्या बाईंची पहिली पसंती. प्रमाण चिनीचे, म्हणजे पुतोंगहुआचे, उच्चार बीजिंगच्या बोलीवर बेतलेले आहेत. परदेशी विद्यार्थ्यांना भाषा शिकवण्यासाठी १९६२ मध्ये निघालेलं भाषा आणि संस्कृती विद्यापीठही तिथंच. अडचण राहण्याच्या खर्चाची, आणि काकांच्या मते राजधानीत व्यापाराचं काही शिकायला मिळत नाही.

तैवानवर आम्ही दोन रविवार घालवले, आणि आता वाटतं चार घालवायला हवे होते. तैपेईच्या नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीतलं चिनी शिकवण्याचं केंद्र १९५६ पासून चालू आहे. तैवान सरकारची ह्वायू नावाची शिष्यवृत्ती खास भाषा शिकणाऱ्यांसाठी आहे. व्हॉट्सॲप, गूगल सगळं चालतं. शिवाय ताइचुंग हे शहर मशीन टूल्सचं माहेरघर, काकांच्या शॉपमधलं सगळ्यात जुनं व्हीएमसी (उभं मशिनिंग सेंटर) तैवानचंच. पण तिथं पारंपरिक अक्षरं, आणि काकांच्या नव्या यंत्रांची पुस्तकं सगळी सोप्या अक्षरांत. उच्चार दाखवायला पिनयिनऐवजी झुयिन चिन्हं. एकाच भाषेच्या दोन लिप्या, हे ऐकून रेवती हसली. इथं दोन लिप्यांतल्या पाट्या वाचतच आपण मोठं होतो. १९५६ मध्ये इकडे राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षी तिकडे चीनमध्ये अक्षरं सोपी करण्याची योजना आणि पुतोंगहुआच्या प्रसाराचा आदेश निघाला. कागदावरच्या रेघा लोकांच्या जिभेवर किती वर्षं राहतात ते आम्हाला वेगळं सांगायला नको. असो. तैवान मागे पडलं त्याचं खरं कारण लिपी नव्हतंच. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला भरतात, आणि आम्ही मे महिन्यात जागे झालो.

दक्षिणेकडचं ग्वांगझू हे नाव काकांचं. "माल जिकडनं येतोय तिकडंच जाऊन शिकू दे की. आंबे घ्यायला रत्नागिरी सोडून नागपूरला कोण जातंय?" शेजारचं फोशान मेट्रोने जोडलेलं, तिथं सुट्या भागांचे पुरवठादार. वर्षातून दोनदा कँटन फेअर, म्हणजे निर्यात मालाची मोठी जत्रा, १९५७ पासूनची. हवा दमट पण उबदार. भारतीय जेवण मिळतं, मराठी नाही तरी हिंदी बोलणारी माणसं भेटतात. शेवटचा मुद्दा आईला फार आवडला.

हार्बिनचं नाव बाईंनी शेवटी, जाता जाता घेतलं. ईशान्येचं शहर, उच्चार प्रमाण भाषेच्या जवळचे, राहणं स्वस्त. आईने हिवाळ्यातलं तापमान विचारलं. "उणे पंचवीस? आमच्या फ्रीजरमध्ये पण एवढं नसतंय की!" नाव तिथंच खोडलं.

मी एक तक्ता केला होता. फी, राहण्याचा खर्च, उच्चार, हवा, जेवण, पुरवठादारांपासूनचं अंतर, असे सहा रकाने, प्रत्येकाला गुण. मास्तरकीची सवय. ग्वांगझू पहिलं आलं, आणि मीही मान डोलावली. तिथल्या लोकांच्या कँटनीज भाषेचं काय, हा प्रश्न बाईंनी विचारला होता. वर्गात तर पुतोंगहुआच शिकवतात, असं उत्तर मी दिलं.

पहिला निर्णय आणि ग्वांगझूचे पाच महिने

एका गोष्टीत मात्र नशिबाने साथ दिली. काकांचं एक मोठं बिल अडकलं होतं, म्हणून वर्षाची फी भरण्याऐवजी एकाच सत्राची भरली, सव्वा लाखाच्या आत. हे पुढे फार कामाला आलं.

व्हिसाचं काम मुंबईत, कारण महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही चीनच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. काका म्हणाले, "एवढी वर्षं आपण ओरडूलोय, चिन्यांनी न सांगता जोडलं बघ!" सहा महिन्यांहून मोठ्या शिक्षणाला एक्स-१ व्हिसा लागतो आणि पोचल्यावर ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. थेट विमानं तेव्हा बंद होती, म्हणून बँकॉकमार्गे. ऑगस्टच्या शेवटी रेवती गेली.

पहिला धक्का भाषेचा नव्हे, फोनचा. तिकडे व्हॉट्सॲप बंद, इकडे वीचॅट बंद. माय-लेकींना आठवडाभर एकमेकींचं तोंड दिसलं नाही. शेवटी चुलत भावाने ऑफिसातलं टीम्स दोघींना लावून दिलं. हे जाण्याआधी एका संध्याकाळीत होण्यासारखं होतं.

वर्ग सकाळी, बारापर्यंत. शिकवणं उत्तम. नंतरच्या वेळाबद्दल ती पहिल्या महिन्यात उत्साहाने सांगायची: वसतिगृहातल्या मैत्रिणी पाच देशांच्या, सगळ्या इंग्रजीत गप्पा मारतात, एका भारतीय खानावळीत वरणभात मिळतो, मालक हिंदीत चौकशी करतो. भाजीवाल्या म्हाताऱ्या कँटनीजमध्ये आपसात बोलायच्या आणि हिच्याशी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवून व्यवहार करायच्या. मेट्रोत घोषणा तीन भाषांत, त्यातली इंग्रजी तिला आधी कळायची.

ऑक्टोबरमध्ये १३४ वा कँटन फेअर भरला. काका गेले, सोबत बेळगाव-कोल्हापूरकडचे तिघे कारखानदार. त्यांनी रेवतीला रोजावर दुभाषी म्हणून मागितलं. विद्यार्थी परवान्यावर परवानगीशिवाय पैसे घेऊन काम करता येत नाही, म्हणून तिने नकार दिला. तिघांना वाटलं पोरीला शिंगं फुटली. काकाही दोन दिवस फुगले होते. मला हा तिचा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, कारण परवाना गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काकांबरोबर ती घरची म्हणून एक दिवस फिरली, आणि तिथं जे झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रत्येक स्टॉलवर चटपटीत इंग्रजी बोलणारी पोरं. तिने चिनीत सुरुवात केली की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दिवसभरात तिच्या चिनीची गरज कुणालाच पडली नाही. निर्यात करणारा माणूस गिऱ्हाइकाची भाषा शिकलेला असतो. अडतं ते आतल्या तंत्रज्ञापाशी, आणि तो जत्रेत उभा नसतो.

डिसेंबरमध्ये चौथी पातळी झाली. वाचनात गुण भरघोस. पण बोलताना तिसऱ्या वाक्याला अडकायची. टीम्सवर मला म्हणाली, "सर, कन्नडच्या पेपरसारखंच झालंय बघा."

मला उत्तर सुचलं नाही. तक्त्यातला सातवा रकाना तिने एका वाक्यात भरला होता.

दुसरा निर्णय

जानेवारीत पुन्हा बैठक, निम्मी फोनवर. तीन वाटा होत्या. ग्वांगझूतच राहून चिनी कुटुंबात खोली शोधणं. बीजिंग. किंवा परत येणं, जे आईला हवं होतं.

पहिली वाट सगळ्यात सोपी दिसत होती. रेवतीनेच ती नाकारली: "खोली बदलली तरी खानावळ तीच राहणार. मला माहीतै मी कुठं जाऊन बसणार ते." स्वतःबद्दल इतकं स्वच्छ बोलणारी बावीस वर्षांची मुलगी मी फारशी पाहिली नाही. बीजिंगचं बजेट बसेना. मग तिनेच खोडलेलं नाव पुन्हा काढलं. आई रडली. सुमाने चिकोडीहून फोन करून आईची समजूत काढली, काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण अंदाज आहे.

विद्यापीठ बदलायचं तर जुन्याकडून सोडल्याचं पत्र लागतं, नव्याकडून प्रवेशाचं, आणि निवास परवान्यात बदल. सत्राची फी संपलेली होती म्हणून पैशाचं भांडण झालं नाही. वर्षाची भरली असती तर परत मागण्यात वसंत गेला असता.

फेब्रुवारीच्या शेवटी ती हार्बिनला उतरली. बाहेर उणे पंधरा. आणि खोलीत? अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट. उत्तर चीनमध्ये हिवाळाभर घरोघर गरम पाण्याच्या नळ्यांची सार्वजनिक सोय असते, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी नसते. ग्वांगझूच्या जानेवारीत ती खोलीत दोन स्वेटर घालून बसायची. हवेच्या रकान्यात मी हार्बिनला शून्य दिलं होतं ते बाहेरचं तापमान बघून. माणूस दिवसाचे वीस तास आत असतो हे डोक्यात आलं नाही.

शहरात भारतीय होते, वैद्यकीय शिकणारे, पण दुसऱ्या टोकाला. तिच्या मजल्यावर इंग्रजी फारसं कुणाला येत नव्हतं, रशियन बऱ्याच जणींना यायचं. वसतिगृहाच्या दारात एक पन्नाशीची बाई बसायची. चिनीत अशा बाईला 'आयी' म्हणतात, मावशी या अर्थाने. रेवतीने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तिलाच घशात दाटून आलं म्हणे. आयीला फक्त चिनी येत होतं आणि गप्पांची दांडगी हौस. तिकडच्या बोलीत गप्पा छाटण्याला 'लाओ-ख' असा खास शब्द आहे. रोज संध्याकाळी तास-दीड तास लाओ-ख. सुनेच्या तक्रारी, भाज्यांचे भाव, गुडघे. चुकलं की आयी हातातलं विणकाम ठेवून शब्द परत म्हणायला लावायची. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची एक भाजी ईशान्येत सगळीकडे मिळते, दी-सान-श्येन. मांस नको असं सांगायचं, भाकरीची आठवण काढायची आणि भातावर घ्यायची. जेवणाचा प्रश्न असा सुटला.

जुलैत पाचवी पातळी झाली. गुण ग्वांगझूच्या मानाने कमीच. पण निघताना आयीशी शेवटचं भांडण झालं, भेट म्हणून दिलेले पैसे परत घेण्यावरून, आणि ते रेवती जिंकली.

आज निवडायचं झालं तर

तक्ता मी अजूनही करीन. फक्त सगळ्यात आधी एक रकाना घालीन: दुपारी वर्ग सुटल्यापासून झोपेपर्यंत चिनीवाचून कुठं कुठं निभावतं? जितक्या जागा जास्त, तितके त्या शहराचे गुण कमी. शहराच्या नावावरून हे कळत नाही. तिथं आत्ता शिकणाऱ्या एखाद्या मुलीला तिचा कालचा दिवस तासातासाने विचारला की कळतं. आम्ही विद्यापीठांना फीबद्दल नऊ पत्रं लिहिली, असा प्रश्न एकालाही विचारला नाही.

आणि शहर हे शिकणाऱ्याच्या स्वभावाला बघून ठरतं. काकांसारखा अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकणारा गडी ग्वांगझूतही दोन महिन्यांत बोलला असता. रेवती बुजरी. तिला पळवाटा बंद असलेलं गाव हवं होतं. बुजऱ्या मुलीला तशा गावात एकटं पाठवणं हा जुगारही होता, हे मान्य करतो. आयी भेटली नसती तर? दाराशी बसणारी बाई तक्त्यात मांडता येत नाही.

ताइचुंगचा विचार मी आज पुन्हा करीन, आणि आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून. सोप्या अक्षरांची अडचण आम्ही फुगवली. २,००० शब्द झालेल्या माणसाला दुसरी अक्षरं ओळखायला शिकणं जमतं, अवघड आहे ते बोलणं. सत्रासत्राने फी भरायची हे मात्र कायम. आता २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानंही सुरू झाली आहेत, तेव्हा मधेच घरी येऊन जाणं तितकं जड नाही.

निष्पत्ती

रेवती आता हिशेब बघत नाही. काकांच्या कारखान्यासह उद्यमबागेतल्या आणखी चार शॉपचं चिनी काम तिच्याकडे असतं. पुस्तिका, फोन, कधी मध्यरात्री आलेला अलार्मचा फोटो. एकूण खर्च सहाऐवजी सात लाखांच्या वर गेला. काका वसुलीचा हिशेब सांगत नाहीत, पण अकरा दिवसांची गोष्ट सांगताना आवाज आता खाली असतो.

गेल्या महिन्यात मी शॉपमध्ये बसलो होतो. तोच झेजियांगचा तंत्रज्ञ व्हिडिओवर. तिचे उच्चार ऐकून त्याने विचारलं, ईशान्येची आहेस का? ती हसली. मग तो सेटिंगवर आला आणि एक आकडा म्हणाला. मला 'स' ऐकू आला. हार्बिनच्या आयीने घोटून घेतलेल्या कानाने तिनेही 'स'च ऐकला असणार. फोरमन बटणावर बोट ठेवून थांबला होता. रेवतीने त्याला हाताने अडवलं, दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवून फुलीची खूण केली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. चिनी बाजारात दहा असा दाखवतात, हे ती ग्वांगझूच्या भाजीवाल्यांकडून शिकली होती.

पलीकडच्यानेही फुली दाखवली. "दहा टाक," ती फोरमनला म्हणाली.